कॉंगोन्यासच्या टेकडीवरील पांगळा मूर्तिकार

आषाढ जवळ आला की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील रस्ते आपले राहत नाहीत. ते वारकऱ्यांचे होतात. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते, काटेवाडीस धोतरांच्या पायघड्यांवरून पुढे सरते, मेंढ्यांच्या रिंगणाचे कौतुक स्वीकारते, आणि सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करीत इंदापूरच्या रिंगणात येऊन उभी राहते. या साऱ्या पायपिटीच्या शेवटी काय असते? एका मूर्तीचे दर्शन. तेही गर्दी असली तर क्षणभराचे. चरणांवर माथा टेकला न टेकला तोच मागचा भाविक पुढे आलेला असतो. त्या एका स्पर्शासाठी वर्षाचे पंधरा-वीस दिवस शेतीभातीच्या ऐन घाईतून काढून ठेवणारी माणसे आपल्या अवतीभवती आहेत, आणि त्यांना पिठलेभाकरी वाढण्याचे भाग्य आपल्याला लाभते.

मूर्तीचे दर्शन घेताना ती घडविणाऱ्याची आठवण सहसा कोणाला होत नाही, आणि होऊ नये अशीच आपली परंपरा आहे. पंढरीची मूर्ती स्वयंभू. तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर, नीरा नरसिंहपुरास जी मूर्ती आहे ती प्रत्यक्ष भक्त प्रल्हादाने वाळूची केली अशी श्रद्धा आहे. इतर देवळांचे म्हणाल, तर प्राणप्रतिष्ठा झाली की पाथरवटाचे वा सुताराचे काम संपले; त्याचे नाव देवळाच्या शिलालेखात नसते, आरतीत नसते आणि गावाच्या स्मरणातही नसते. मात्र ज्या आषाढात आपण पंढरीस जातो त्याच आषाढाच्या द्वितीयेला पुरीस ज्या जगन्नाथाचा रथ निघतो, त्याची कथा थोडी वेगळी आहे. तो देव लाकडाचा. कडुनिंबाच्या लाकडातून त्याचे कलेवर नव्याने घडते. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा ठराविक वर्षी हा नवकलेवराचा सोहळा होतो, अलीकडे तो २०१५ साली झाला. मूळ मूर्ती वृद्ध सुताराच्या वेषात आलेला देवशिल्पी बंद दाराआड घडवीत होता. राजाने अधीर होऊन दार उघडले आणि हात अपुरे राहिले, असे पुराण सांगते.

हातावाचून राहिलेल्या त्या देवाची कथा आपण सारे जाणतो. आज हातावाचून राहिलेल्या एका मूर्तिकाराची कथा सांगावयाची आहे. तो आपल्या धर्माचा नव्हता, आपल्या देशाचा नव्हता. परंतु जिथे भक्तीचा आणि देहाच्या दुःखाचा प्रश्न येतो तिथे देश-धर्माच्या शिवा फार दूरपर्यंत टिकत नाहीत, असे आम्हांस वाटते. त्याचे नाव आंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ. जग मात्र त्याला अलेजादिन्यो या नावाने ओळखते. पोर्तुगीज भाषेतील या शब्दाचा अर्थ बिचारा पांगळा. भल्या पहाटे दारी येऊन देवाच्या नावाने दान मागणारा पांगुळ आपल्या खेड्यांतून पूर्वी नित्याचा होता, आणि संतांनीही त्याच्यावर रूपके रचली. येथे मात्र हा पांगुळ मागणारा नाही, देणारा आहे.

काळाचे भान यावे म्हणून आपल्याच गावचे एक नाव घेऊ. कविवर्य मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, पुराण सांगत आणि आर्या रचीत, कऱ्हेच्या काठी घालविला. १७९४च्या चैत्र पौर्णिमेस बारामतीतच त्यांनी देह ठेवला. आमचा चरित्रनायक त्यांच्याच काळचा. पंत इकडे रामकथा नाना वृत्तांतून आणि नाना बंधांतून एकशे आठ प्रकारे सांगण्याचा पण पुरा करीत होते, त्याच दशकांत हा माणूस सातासमुद्रांपलीकडे, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात, लाकडातून आणि दगडातून आपल्या देवाची कथा सांगत होता. पंतांनी मृत्यूपूर्वी केकावलीत देवाला आर्त हाक मारली. या माणसाची आर्त हाक पंतांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १७९६ साली, एका टेकडीवर उमटू लागली.

ब्राझील आणि आपण यांना जोडणारा दुवा म्हणजे गोवा. दोन्ही भूमी तेव्हा पोर्तुगालच्या सत्तेखाली होत्या. लिस्बनहून गोव्यास ये-जा करणारी गलबते कित्येकदा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागत, आणि गोव्याच्या कारागिरांनी कोरलेल्या हस्तिदंती मूर्ती त्या वाटेने ब्राझीलच्या देवघरांतही जाऊन पोचल्या. जुन्या गोव्यात ज्या बॉम जेझुस नावाच्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे शव ठेवले आहे, त्याच नावाच्या, म्हणजे दयाळू येशूच्या, एका क्षेत्रात आपली कथा शेवटी जाऊन थांबणार आहे. गोव्याच्या चर्चमधील लाकडी मूर्तींवर आणि कोरीव वेद्यांवर हात फिरला तो बहुतांशी स्थानिक कारागिरांचा. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात पुनःपुन्हा निघाले. पुनःपुन्हा काढावे लागले, यातच काय ते आले! कारागिराला छिन्नीपटाशीचा धर्म तेवढा ठाऊक असतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो, तिला स्नान घालतो, निजवतो, उठवतो. मूर्तीत देवाचे सान्निध्य मानतो. कॅथलिक पंथाची धारणा तशी नाही. १५६३ साली त्यांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने असे ठरविले की मूर्तींचा मान राखावा, परंतु तो मान मूर्तीत काही दैवी शक्ती आहे म्हणून नव्हे, तर ती ज्याची आहे त्याच्याप्रत पोचावा म्हणून. धर्मपंडितांनी रेखलेली ही सीमा भाविकाच्या गुडघ्यांना कितपत समजते हा प्रश्न वेगळा. मेणबत्ती लावणाऱ्या वृद्धेच्या डोळ्यांत पाहिले तर फरक शोधावा लागतो.

ब्राझीलच्या अंतर्भागात मिनास जेराइस नावाचा डोंगराळ प्रांत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे सोने सापडले आणि जंगलात पाहता पाहता एक श्रीमंत नगर उभे राहिले. त्याचे नावच व्हिला रिका, म्हणजे श्रीमंत नगरी. पुढे १८२३ साली त्याला ऑरो प्रेतो, काळे सोने, हे नाव मिळाले. हे सोने खणीत होते ते आफ्रिकेतून साखळदंडांनी जखडून आणलेले गुलाम. मानुएल फ्रान्सिस्को लिस्बोआ हा पोर्तुगालहून आलेला सुतार आणि वास्तुशिल्पी या नगरात नावारूपाला आला होता. त्याच्या घरी इझाबेल नावाची एक आफ्रिकी दासी होती. आंतोनियो हा तिचा मुलगा. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम, असा तेथला कायदा. बापाने मात्र बाप्तिस्म्याच्या वेळीच या मुलास दास्यमुक्त केले. जन्माचे साल एका परंपरेप्रमाणे १७३०, तर मृत्यूच्या नोंदीतील वयावरून हिशेब केला तर १७३८ येते. अभ्यासकांचा कल दुसऱ्याकडे आहे.

या चरित्रातील बराचसा तपशील एकाच ठिकाणाहून येतो, हे वाचकांना सांगितले पाहिजे. मूर्तिकाराच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी, १८५८ साली, रॉद्रिगो ब्रेतास नावाच्या गृहस्थाने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याने गावच्या वृद्धांकडून, विशेषतः मूर्तिकाराच्या सुनेकडून, आठवणी गोळा केल्या. चर्चच्या वह्यांतील जमाखर्चाच्या नोंदी काही गोष्टींना पुष्टी देतात, काहींना देत नाहीत. काही आधुनिक पंडितांनी तर ब्रेतासच्या कथेत कल्पनेचा भाग फार आहे असे म्हटले आहे. आपल्या संतचरित्रकारांच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. महिपतीबोवा वाचताना आपण जसे दोन्ही डोळे उघडे ठेवून आणि मनही उघडे ठेवून वाचतो, तसेच हेही वाचावे.

मुलाने बापाच्याच कारखान्यात हत्यारे हाती घेतली. लाकूड कसे ओळखावे, रेषा कोणत्या अंगाने धावतात, कोठे पटाशी सरळ धरावी आणि कोठे आडवी, हे शिक्षण पुस्तकात नसते. ते लहानपणीच हातात भरावे लागते. १७६७च्या सुमारास बाप वारला तेव्हा मुलगा स्वतंत्र कारागीर झालेला होता. पण मिश्र रक्ताच्या माणसाला त्या समाजात पायरी ठरलेली होती. धनिक गोऱ्यांची धर्ममंडळे वेगळी, काळ्यांची वेगळी, मिश्र वर्णाच्या लोकांची वेगळी. प्रत्येक मंडळाचे चर्च वेगळे आणि मिरवणुकीतील स्थानही वेगळे. आंतोनियो १७७२च्या सुमारास संत जोसेफच्या मंडळात दाखल झाला. जोसेफ हा येशूचा पालनकर्ता पिता आणि धंद्याने सुतार. त्यामुळे सुतारांचा आणि कारागिरांचा तो कैवारी, जसे आपल्याकडे विश्वकर्मा. ज्या गोऱ्यांच्या फ्रान्सिस्कन मंडळात या मिश्रवर्णीयाला बरोबरीचे आसन मिळाले नसते, त्याच मंडळाचे व्हिला रिकातील भव्य चर्च १७६६पासून त्याच्या आराखड्याप्रमाणे उभे राहू लागले. त्याच्या दर्शनी भागावरील शंखजिऱ्याच्या दगडातले कोरीवकाम आजही जगभरचे लोक पाहावयास येतात.

चाळिशीपर्यंतचे त्याचे आयुष्य सुखाचे दिसते. खाणेपिणे, नाचगाणी, मित्रमंडळी यांची त्याला आवड होती असे ब्रेतास सांगतो. त्याला एक मुलगाही झाला. त्याचे नाव आजोबांच्या नावावरून ठेविले. हातात काम होते, कामाला मोल होते.

मग १७७७च्या आगेमागे रोगाने त्याला गाठले.

तो रोग कोणता, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. कोणी महारोग म्हणतात, कोणी गुप्तरोग, कोणी रक्ताचा एक दुर्मीळ विकार. परंपरेने चालत आलेले वर्णन मात्र अंगावर काटा आणणारे आहे. आधी पायांची बोटे झडली. उभे राहणे अशक्य झाले तेव्हा तो गुडघ्यांवर चालू लागला. मग हाताची बोटे वाकली, सुकली आणि एकेक गळू लागली. अंगठे आणि तर्जनी तेवढ्या काही प्रमाणात उरल्या. वेदना इतक्या असह्य होत की कधी कधी त्याने स्वतःच पटाशीने बोटाचा तुकडा उडवून टाकला, असेही सांगतात. पापण्या सुजल्या, दात गेले, चेहरा असा विद्रूप झाला की मुले भिऊन पळत.

मूर्तिकाराचे हात जाणे म्हणजे काय, हे एखाद्या गायकाचा कंठ जाण्यावरून ओळखावे. पण कंठ गेलेला गायक मैफलीत गप्प बसू शकतो. या माणसाने गप्प बसण्याचे नाकारले. त्याच्या पदरी मौरिसियो नावाचा एक आफ्रिकी गुलाम होता आणि तो स्वतः उत्तम कोरीवकाम करणारा होता. दररोज सकाळी हा मौरिसियो धन्याच्या उरल्यासुरल्या हातांना कातड्याच्या पट्ट्यांनी पटाशी आणि लाकडी हातोडा बांधीत असे. गुडघ्यांना कातडी आवरण चढवीत असे. मग तो पांगळा शिडीवर चढून, गुडघ्यांवर तोल सावरीत, मनगटाच्या आणि खांद्याच्या जोरावर लाकूड कोरी. ब्रेतास असेही नोंदवितो की मिळकतीतील वाटा मूर्तिकार मौरिसियोला देत असे; आणि चिडला की त्याच हातोड्याने त्याला मारीतही असे. दासीच्या पोटी जन्मलेल्या, दास्यातून सुटलेल्या माणसाने स्वतः गुलाम बाळगावेत हे आज वाचताना मनाला खुपते. खुपले पाहिजे. देवाच्या मूर्ती घडविणारा माणूस त्या काळच्या पापातून सुटलेला नव्हता. त्याचा जानुआरियो नावाचा दुसरा गुलाम विकत आणला गेला तेव्हा असल्या धन्याची चाकरी नको म्हणून त्याने स्वतःचा गळा कापून घेण्याचा प्रयत्न केला होता, ही आठवणही त्याच चरित्रात आहे. पुढे हाच जानुआरियो त्याच्या गाढवाचा लगाम धरून चालत असे.

लोकांची नजर त्याला सहन होत नसे. पहाट फुटण्याआधीच तो कामावर जाई आणि अंधार पडल्यावर परते. पायघोळ डगला, रुंद काठाची टोपी, असे सर्वांग झाकून तो जनावरावर बसे. काम करतानाही भोवती कनात लावून घेई, म्हणजे चर्चच्या आत शिरणाऱ्यालाही तो दिसू नये. कोणी त्याच्या कामाची स्तुती केली तरी त्याला ती थट्टा वाटे.

या काळातील एक आख्यायिका ऐकण्यासारखी आहे. तेथील सुभेदाराने उत्सवाच्या मिरवणुकीसाठी घोड्यावर बसणाऱ्या संत जॉर्जची लाकडी मूर्ती करावयास सांगितली. सांगण्यास बोलाविले तेव्हा सुभेदाराचा एक हुजऱ्या अधिकारी मूर्तिकाराचे रूप पाहून किळसेने मागे सरला आणि तसे बोलूनही गेला. मूर्तिकार त्या वेळी परत जावयास निघाला. समजूत काढून त्याला थांबविण्यात आले. काही दिवसांनी मिरवणुकीत संत जॉर्जची मूर्ती निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हसू पिकले. कारण संताच्या धडावरचा चेहरा हुबेहूब त्या अधिकाऱ्याचा होता! कथा खरी असो वा रचलेली, ती मूर्ती मात्र खरी आहे आणि ऑरो प्रेतोच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. हातपाय सांध्यांवर हलविता येतील अशी तिची घडण आहे, म्हणजे खोगिरावर नीट बसविता यावी.

आता त्या टेकडीकडे वळू.

व्हिला रिकाच्या पश्चिमेस कॉंगोन्यास नावाचे गाव आहे. फेलिसियानो मेंडेस हा पोर्तुगालहून आलेला खाणकामगार कठीण दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. बरा झालो तर दयाळू येशूचे देऊळ बांधीन असा त्याने नवस केला. तो बरा झाला, आणि १७५७पासून त्याने आपली सारी पुंजी आणि मिळेल ती भिक्षा या देवळात घातली. १७६५ साली तो वारला, पण क्षेत्र वाढत राहिले. दर सप्टेंबर महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. दूरदूरचे लोक येतात. पूर्वी बैलगाड्यांनी, घोड्यांवर आणि पायी येत. नवस फेडतात, काही जण गुडघ्यांवर चढण चढतात. आपल्या वाचकांना हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडू नयेत.

देवळाकडे जाणाऱ्या चढणीवर दोन्ही बाजूंना घुमट्या बांधाव्यात आणि त्यांत येशूच्या अखेरच्या यातनांचे प्रसंग लाकडी मूर्तींत उभे करावेत, अशी योजना होती. भाविकाने एकेक घुमटीपुढे थांबत, तो प्रसंग डोळ्यांनी अनुभवत, वर चढत जावे. हे काम १७९६ साली अलेजादिन्योकडे आले. तेव्हा त्याची साठी जवळ आलेली, आणि रोगाला वीस वर्षे होत आलेली.

१७९६ ते १७९९ या अवघ्या साडेतीन वर्षांच्या आत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी पुरुषभर उंचीच्या साठांहून अधिक मूर्ती पुऱ्या केल्या. लाकूड तिकडच्या सेड्रो नावाच्या झाडाचे. इंग्रजी नावावरून आपण त्याला देवदार समजण्याची चूक करू; ते खरे पाहता आपल्याकडील तून वृक्षाचे भावंड आहे, तांबूस, हलके आणि पटाशीला सोपे. मोठ्या मूर्तीचे लाकूड तसेच अखंड ठेवले तर वाळताना आतून तडकते, म्हणून पाठीकडून ते पोखरून काढावे लागते. हात, पाऊल असे भाग वेगळे कोरून सांधतात. सारे जुळले की सरस आणि खडूचे अस्तर द्यावयाचे, ते घासून गुळगुळीत करावयाचे आणि त्यावर रंग चढवावयाचा. मूर्तीच्या कातडीला रंग देण्याच्या क्रियेला त्या भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ देहधारण असा होतो. देव मनुष्यदेह धारण करतो त्या घटनेलाही त्यांच्या धर्मात हाच शब्द आहे. हा योगायोग नसावा. काही ठिकाणी तर केवळ मुख आणि हात कोरून बाकीचा सांगाडा ठेवतात आणि त्यावर खरी वस्त्रे नेसवितात. उत्सवात देवीला शालू नेसविणाऱ्या आपल्या गुरवांना याचे नवल वाटणार नाही.

सहा घुमट्यांत सात प्रसंग आहेत. पहिल्यात शिष्यांसमवेतचे अखेरचे भोजन; आपल्यापैकी एक जण दगा देणार हे कळताच बारा शिष्य दचकून वळलेले. दुसऱ्यात बागेतील रात्र. शिष्य झोपी गेलेले, आणि येणाऱ्या यातनांच्या विचाराने येशू एकटाच व्याकुळ. तिसऱ्यात अटक. पुढे फटके आणि काट्यांचा मुकुट, मग खांद्यावर क्रूस घेऊन चाललेली वाट, आणि शेवटी क्रूसावर खिळणे. इतक्या मूर्ती एका हाताच्या नाहीत, हे पाहताच कळते. शिपायांचे चेहरे ओबडधोबड आहेत, नाके वाकडी, कित्येकांच्या अंगांचे प्रमाण चुकलेले; ते काम बहुधा साथीदारांचे. येशूच्या सातही मूर्ती मात्र त्याने स्वतः घडविल्या असे जाणकार मानतात. लांबट बदामी डोळे, दुभंगलेली दाढी, किंचित उघडे ओठ. ज्याच्याकडे पाहून मुले पळत होती त्याने हा चेहरा सात वेळा कोरला.

अटकेच्या प्रसंगापाशी थोडे थांबावे. येशूला धरावयास शिपाई येतात तेव्हा पीटर नावाचा शिष्य आवेशाने तलवार उपसतो आणि माल्खस नावाच्या सेवकाचा कान कापतो. येशू शिष्याला आवरतो आणि स्वतःला पकडण्यास आलेल्या त्या माणसाचा कान आपल्या स्पर्शाने बरा करतो. घुमटीत हाच क्षण उभा केला आहे. नाथांच्या अंगावर थुंकणाऱ्या यवनाची आणि पुनःपुन्हा गोदेत स्नान करणाऱ्या नाथांची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. आम्हांला खिळवून ठेवते ती दुसरीच गोष्ट. एका स्पर्शाने शरीराचा तुटलेला अवयव जोडून देणारा तो हात, आणि तो लाकडातून काढणाऱ्याला स्वतःची बोटे नव्हती. कोरताना त्याच्या मनात काय आले असेल? त्याने कोठे लिहून ठेविले नाही. त्याच्या हातच्या पावत्या तेवढ्या उरल्या आहेत. पंगूलाही पर्वत ओलांडावयास लावणाऱ्या कृपेचे स्तवन आपल्या घरांतून रोज होते. या पंगूला टेकडीवर जनावरावर बसवून, उचलून न्यावे लागे, आणि त्याचा रोग अखेरपर्यंत हटला नाही. कृपा झाली ती कशी झाली म्हणावयाची, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे.

लाकडी मूर्ती संपताच, १८०० ते १८०५ या काळात, त्याने देवळापुढील पायऱ्यांच्या कठड्यांवर बारा प्राचीन द्रष्ट्यांच्या दगडी मूर्ती उभ्या केल्या. कलाशास्त्राच्या ग्रंथांतून त्यांचीच ख्याती अधिक आहे. त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८५ साली हे सारे क्षेत्र युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याआधी पाच वर्षे, १९८० साली, ऑरो प्रेतो नगरालाही तो मान मिळाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर त्याची दृष्टीही गेली. मौरिसियो त्याच्या आधीच वारला होता. सून जोआना लोपेस हिने त्याला आपल्या घरी नेले. ती सुईण होती. जवळजवळ दोन वर्षे तो लाकडी फळ्यांच्या बाजेवर पडून होता; अंगाच्या एका बाजूस जखमा झालेल्या, कूस बदलणेही मुष्किल. भिंतीवर येशूची एक मूर्ती होती. सुनेने ब्रेतासला सांगितले ते असे, की म्हातारा त्या मूर्तीकडे तोंड करून सारखे एकच मागणे मागत असे: देवाने आपली पावले या देहावर ठेवावीत. बरे कर असे नाही, सोडव असेही क्वचित, पावले ठेव. पंढरीत चरणांवर माथा टेकण्यासाठी आपण रांगेत उभे राहतो. त्याला उठून चरणांपाशी जाता येत नव्हते, म्हणून त्याने चरणांनाच आपल्यापाशी बोलाविले.

१८ नोव्हेंबर १८१४ रोजी तो गेला. व्हिला रिकातील आंतोनियो दियास भागाच्या चर्चमध्ये, ज्या चर्चच्या बांधकामात त्याच्या बापाचा हात होता तेथेच, सुखाचे मरण देणाऱ्या मेरीच्या वेदीजवळ त्याला पुरले. पुढे शंभरएक वर्षे त्याच्या नावाकडे मोठ्या शहरांनी फारसे लक्ष दिले नाही. १९२०नंतर ब्राझीलमधील तरुण साहित्यिक आणि चित्रकार त्या डोंगरांत गेले, मूर्ती पाहून थक्क झाले, आणि मग त्याची गणना त्या देशाच्या सर्वश्रेष्ठ कलावंतांत होऊ लागली. यात्रेकरूंना कोणी हे सांगावयास गेले नव्हते. ते आधीपासूनच दर सप्टेंबरला येत होते.

कॉंगोन्यासच्या लाकडी मूर्तींना रंग देण्याचे काम मानुएल द कोस्ता अताइद या नामांकित चित्रकाराने आणि त्याच्या एका समव्यवसायीने १८०८च्या सुमारास सुरू केले. मूर्तिकार तेव्हा हयात होता. भोजनाच्या प्रसंगाची पहिली घुमटी तेवढी त्याच्या हयातीत पुरी झाली. बाकीच्या मूर्ती आपापल्या घुमट्यांची वाट पाहत कितीतरी वर्षे तशाच ठेवलेल्या होत्या. पैसा जमेल तसे काम होई आणि संपला की थांबे. अखेरच्या घुमट्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो गेल्यावर अर्धशतक उलटून गेल्यानंतर, बांधून झाल्या, आणि क्रूसावर खिळल्या जाणाऱ्या येशूची मूर्ती त्या टेकडीवर आपल्या जागी ठेविली गेली.